प्रौढ शिकाऊ आणि हातपेटी

चाळिशी ओलांडल्यावर एखादे वाद्य शिकावेसे वाटणाऱ्या माणसाला आपल्याकडे बहुधा एकच सल्ला मिळतो : ‘सोपे काहीतरी घ्या, पेटी घ्या.’ या सल्ल्यात सद्भावना असते, तशी किंचित तुच्छताही असते. संगीत ही बालपणीच गिरवायची विद्या, प्रौढाने फार तर मन रमवावे, असे त्यात गृहीत धरलेले असते. ‘सोपे’ या शब्दाची तपासणी मात्र फारशी कोणी करीत नाही. आपल्या धर्मग्रामांतील सामुदायिक गायनाशी या शब्दाचा निकटचा संबंध असल्यामुळे ती येथे करणे अगत्याचे वाटते.

वाद्य सोपे आहे असे म्हणताना तीन निरनिराळ्या गोष्टी आपण एकत्र करतो : नाद निघणे, स्वर सापडणे आणि गाणे वाजणे. बासरीतून पहिला स्वच्छ नाद काढायलाच नवशिक्याला कित्येक दिवस लागतात. व्हायोलिनला पडदे नसल्यामुळे प्रत्येक स्वराची जागा कानाने शोधावी लागते. पेटीत या दोन्ही अडचणी कारागिराने आधीच सोडविलेल्या असतात. भात्याने हवा भरावी, पट्टी दाबावी, आत पितळेची पत्ती कंप पावते आणि नेमका स्वर उमटतो. तिसरी गोष्ट मात्र कोणताही कारागीर करून देऊ शकत नाही. गीताची ओळ कोठे श्वास घेते, कोठे थांबते, हे डाव्या हातातील भात्याला कळावे लागते. ते कळेपर्यंत पेटीतून स्वर निघतात, गाणे निघत नाही.

पेटीवर घेतले जाणारे शास्त्रीय आक्षेप सर्वपरिचित आहेत. तिच्यावर मींड निघत नाही. तिचे स्वर समान अंतरांवर बांधलेले असल्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा थोडा चढा लागतो. याच विचाराने १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. ती शिथिल व्हायला पुढे अनेक वर्षे जावी लागली. रागसंगीताच्या दृष्टीने या आक्षेपांत तथ्य आहे. पण गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारखा कलावंत मुख्यतः स्वतःच्या प्रयत्नाने ही पेटी शिकला आणि तिला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून देऊ शकला, हेही तितकेच खरे आहे. वाद्याच्या मर्यादा आणि वादकाच्या मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ख्रिस्ती वाचकाने या वाद्याची जन्मकथाही ध्यानात घ्यावी. १८४० च्या दशकात पॅरिसच्या अलेक्सांद्र दबॅं याने हार्मोनियमचे स्वामित्वहक्क घेतले आणि मोठा ऑर्गन न परवडणाऱ्या लहान चर्चमध्ये ते वाद्य लवकरच रुळले. मिशनरींबरोबर ते भारतात आले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याचे पाय काढून त्याला जमिनीवर बसविले आणि भाता हाती दिला. आज मंदिरांत, गुरुद्वारांत व चर्चमध्ये ते सारख्याच सहजतेने वाजते. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चमध्ये पियानो आणि ढोल-झांजांसारखी वाद्ये निषिद्ध ठरविली होती. ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झालेल्या द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या उपासनाविषयक घटनेने ऑर्गनचा मान राखून, उपासनेस साजेशा इतर वाद्यांनाही स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने दार उघडले. त्याच घटनेने भाविकांच्या सक्रिय सहभागाचा आग्रह धरला. तेव्हा वाद्याची कसोटी ठरते ती हीच : त्याच्यामुळे लोक गाऊ लागतात की गप्प होतात?

प्रौढ वयातील शिक्षणाची बाजू अमेरिकन शिक्षणचिंतक जॉन होल्ट याने १९७८ सालच्या ‘नेव्हर टू लेट’ या आत्मकथनात हिरिरीने मांडली आहे. चाळिशीत सेलो हाती घेणाऱ्या या माणसाने, बालपणी जे राहिले ते कायमचे गेले, या समजुतीला धक्का दिला, हे त्या पुस्तकाचे मोठे श्रेय. तरीही आपल्या प्रश्नाला ते अर्धेच उत्तर देते. होल्टला सेलो उत्तम वाजवायचा होता आणि त्यासाठी तो पुष्कळ वेळ देऊ शकत होता. शेती, नोकरी, संसार सांभाळून संध्याकाळी अर्धा तास काढणाऱ्या माणसाला उत्तम वाजवायचेच नसेल तर? त्याच्या शिकण्याला काही अर्थ उरतो का?

उरतो, परंतु शिकण्याची दिशा बदलली तर. आपल्याकडची पेटीची स्वयंशिक्षक पुस्तके येथेच कमी पडतात. गीताच्या ओळीखाली पट्ट्यांची अक्षरे किंवा आकडे छापायचे आणि सारे काही ‘पांढरी एक’मध्ये बसवायचे, ही त्यांची रीत. विद्यार्थ्याचे डोळे कागदावर, बोटे पट्टीवर आणि कान मोकळे राहतात. वर्षभरात तो पंधरा गीते वाजवू लागतो, पण ती एकाच पट्टीत. मग त्याची पट्टी हीच सर्वांची पट्टी होते. ती उंच पडली की पुरुष वरच्या ओळीला गप्प होतात. खाली पडली की स्त्रियांचे आवाज विरतात. विजेच्या कीबोर्डवर बटण दाबून पट्टी बदलता येते, हे खरे. पण त्यातला तयार ठेका वृद्धांच्या श्वासासाठी थांबत नाही.

हौशी प्रौढाने पंधराऐवजी पाचच गीते घ्यावीत आणि प्रत्येक गीत तीन पट्ट्यांत बसवावे. आधी गीत गावे, मग त्याचा षड्ज पेटीवर शोधावा. पेटी आधी आणि गळा नंतर, असे करू नये. षड्ज-पंचम धरून ठेवून त्यावर मोकळ्या आवाजात गाण्याचा सराव करावा. एवढ्याने कोणी वादक होणार नाही. मात्र मे महिन्यात वाडीतल्या क्रुसापुढे जमलेल्या पंचवीस माणसांना गाता येईल असा सूर त्याला देता येईल, आणि घरच्या जपमाळेनंतरचे गीत ध्वनिफितीवर सोपवावे लागणार नाही.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. रविवारच्या मिस्साची साथ ही तयारीची जबाबदारी आहे. ‘प्रेमाने वाजविले’ या सबबीवर उपासनेत बेसूरपणा खपवून घेणे उचित नव्हे. हौशी शिकाऊचे स्थान घर, वाडी आणि नोव्हेना येथे आहे. गायकवृंदाच्या आसनावर त्याने घाईने हक्क सांगू नये. पण ज्या धर्मग्रामात घरोघरी गाणे चालते, तेथेच गायकवृंदाला नवे गळे मिळतात आणि तेथील भाविक मिस्सात केवळ श्रोते बनून राहत नाहीत.

म्हणून ‘सोपे वाद्य घ्या’ हा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. पेटी सोपी आहे ती स्वर देण्यापुरती. तो स्वर शेजाऱ्याच्या गळ्याला झेपतो की नाही, हे ऐकण्याचे काम वाजविणाऱ्याकडेच राहते, आणि ते शिकण्यास पन्नाशीचे वय मुळीच आड येत नाही.