अंकुर आणि कलावंताचा हात

प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट मुंबईत पाहताना दादासाहेब फाळके यांच्या डोळ्यांपुढे कृष्णचरित्र तरळू लागले, ही हकीकत आपल्या वाचकांना परिचित असेल. त्यानंतरची मटाराची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. १९१२ साली लंडनहून परतल्यावर फाळक्यांनी कुंडीत मटार पेरला आणि त्यापुढे कॅमेरा रोवून कित्येक दिवस ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. पडद्यावर बी रुजले, अंकुर वर आला, पाने फुटली. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लघुपटाच्या बळावर त्यांना भांडवल मिळाले आणि 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला.

पुढे त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केला. तंत्र तेच, चौकटीमागून चौकट. पण आगकाडीच्या दोन चौकटींमध्ये कलावंताचा हात फिरतो. मटाराच्या दोन चौकटींमध्ये त्याने हात आवरायचा असतो. संत मार्कच्या शुभवर्तमानातील तो शेतकरी बी टाकून झोपी जातो, उठतो आणि बी कसे वाढले हे त्याला कळत नाही. फाळके यांनी त्या झोपेच्या जागी कॅमेरा ठेवला, एवढेच.

जीवशास्त्र, संगीत, चलत्‌चित्रे आणि रंगमंच यांच्या मिलाफाची पारख मला या आवरलेल्या हातावरून करावीशी वाटते. आयझाबेला रोसेलिनी या अभिनेत्रीने २०१८ साली 'लिंक लिंक सर्कस' हा प्रयोग सादर केला. प्राण्यांच्या बुद्धीविषयीचे शास्त्र, छोटे चित्रपट आणि नाना प्राण्यांची सोंगे घेणारा तिचा कुत्रा, असा तो सगळा थाट. कल्पना खेळकर आहे आणि अभ्यासही खरा आहे. तथापि सोंग चढवलेला कुत्रा आगकाडीच्या जातीचा, मटाराच्या नव्हे.

मिश्रणाला माझा विरोध नाही. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा त्याच खेळात नृत्य होते आणि पायांनी कसरत करणारा कलाकारही होता! प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटले नाही. प्रश्न आपल्या धर्मग्रामांतील स्नेहसंमेलनांचा आहे. पेरणाऱ्याच्या दाखल्यावरील नृत्यनाटिकेत मुले हिरवा कागद गुंडाळून रोपे होतात, ढोलकीच्या दुसऱ्या थापेला उभी राहतात आणि ध्वनिवर्धक त्यांचे शब्द गिळून टाकतो. बी रुजताना जी शांतता असते, तिला त्या दहा मिनिटांत एक क्षणही मिळत नाही. तेवढा एक क्षण वाद्ये थांबली, तर त्याच मुलांना खऱ्या कुंडीतला एक कोंब दाखवता येईल.

हट्टा आणि वसमतच्या परिसरात हळदीचे बेणे पावसाळ्याच्या तोंडावर मातीत जाते आणि काढणीला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. येथील मुलाला अंकुर ठाऊक असतो. फाळक्यांची फीत त्याला दाखवली, तर तो आधी विचारील, मधले दिवस कुठे गेले?