उंटाचा पाट

बारामती-इंदापूरच्या शिवारातून नीरा डावा कालवा जातो. पाणी दुरून, सावकाश येतं. पण ऊस भिजतो तो दारं धरणाऱ्यानं नेमकी सरी फोडल्यावरच. बुद्धिबळाचा एक जुना डाव पटावर मांडला की मला हा कालवा आठवतो.

साल १८५५, कलकत्ता. पांढरी मोहरी बॅरिस्टर जॉन कॉक्रेन यांची, काळी महेशचंद्र बॅनर्जींची. महेशचंद्र देशी बुद्धिबळात मुरलेले. त्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. कॅसलिंग नाही; शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्याची उडी घेता येते. अशा खेळात पटाच्या मध्यावर गाठ पडायला वेळ लागतो, म्हणून खेळाडू आधी घर बांधतो आणि मग अंगणात उतरतो.

हा डाव मात्र नव्या, युरोपीय नियमांचा. कॉक्रेन डी४ खेळतात, महेशचंद्र घोडा एफ६ वर आणतात. सी४ ला उत्तर जी६. प्यादं एकच घर पुढे! नव्या नियमानं दोन घरांची मुभा असूनही हात जुन्या वळणानंच जातो. या एका घरानं जी७ ची जागा उंटासाठी मोकळी होते. तिथून थेट समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका पाट निघतो.

पण या सुरुवातीचं खरं सौंदर्य तिसऱ्या चालीत आहे. पांढरा घोडा सी३ वर येताच काळं प्यादं डी५ वर, एकदम दोन घरं! देशी खेळात ही चालच नव्हती. एका चालीत परंपरेचा संयम, लगेच पुढच्या चालीत नव्या नियमाचं धाडस. पाचव्या चालीला कॅसलिंगही येतं. दोन खेळ इथे एका हातात सुखानं नांदतात.

पुढे डी५ वर मारामारी होते, काळा घोडा सी३ वरचा घोडा मारतो आणि आठव्या चालीला सी५ येतं. हीच ती सरी फोडणं. प्याद्यांची अदलाबदल होते आणि दहाव्या चालीला दुसरा घोडा सी६ वर येतो. आता उंट, घोडा आणि वजीर, तिघांचा रोख डी४ च्या एकाच प्याद्यावर. मध्य पांढऱ्याच्या ताब्यात, पण त्याला राखण करायला लावणारा काळा.

डाव मात्र महेशचंद्र हरले. सतराव्या चालीला पांढरा घोडा जी५ वर येऊन एफ७ वर टपला असताना त्यांनी ई२ वरचा उंट मारला. घोडा एफ७ वर कोसळला आणि मात अटळ झाली. चूक त्या चालीची. त्यात सुरुवातीचा काडीचाही दोष नाही. १९२२ मध्ये व्हिएन्नात अर्न्स्ट ग्रुनफेल्डनं याच मांडणीनं काळ्या मोहऱ्यांकडून नामवंत बुद्धिबळपटू अलेखाइनला हरवलं आणि तिला ‘ग्रुनफेल्ड बचाव’ हे नाव मिळालं.

या सुरुवातीचा उपलब्ध असलेला सर्वांत जुना डाव महेशचंद्रांचा आहे. आपल्या मुलांना काळ्या मोहऱ्यांनी खेळायला शिकवाल, तेव्हा हा डाव एकदा पटावर लावा आणि ग्रुनफेल्डच्या आधी महेशचंद्रांचं नाव सांगा.