डाव्या हाताचा खर्ज

दर कोजागिरीला आमच्या इमारतीच्या गच्चीवर आठ ते दहा गाणं असतं. इमारत शिवडीतली, जुनी. गच्चीवरून पूर्वेला खाडी दिसते आणि २०२४ पासून अटल सेतूचे दिवे. टीबीचं रुग्णालय फार लांब नाही, म्हणून सोसायटीने वर्षांपूर्वीच नियम करून टाकलाय: माइक नाही, स्पीकर नाही, ॲम्प नाही. दोन गिटारी, एक काहोन, एक गाणारी आणि मसाला दूध. मागच्या वर्षी कुणीतरी म्हणालं, सगळं छान आहे पण खाली पोकळ वाटतं, बेस हवा. कॉलेजात मी बेस वाजवायचो, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी डावखुरा आहे. त्यानंतरचे सहा महिने मी डावखुऱ्यांसाठीची अकूस्टिक बेस गिटार शोधत होतो, आणि त्या शोधात ‘अनप्लग्ड’ या शब्दावरचा माझा विश्वास बराच उडाला.

आधी वाद्याबद्दल. अकूस्टिक बेस गिटार तशी तरुण आहे. अर्नी बॉल कंपनीने १९७२ साली ‘अर्थवुड’ नावाची बेस काढली, तिथून हिची गोष्ट धरतात. मेक्सिकोच्या मारियाची मंडळींकडे गितारॉन नावाचं ढेरपोट्या गिटारीसारखं वाद्य असतं, त्यावरून ती कल्पना सुचली. अर्थवुडचं पोट अवाढव्य होतं. मांडीवर घेतली की वाजवणारा मागे लपायचा. पुढे इतर कंपन्यांनी पोट कमी केलं, वाद्य मांडीवर मावायला लागलं आणि आवाज गेला.

हे होणारच होतं. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. त्या आवाजाची हवेतली लाट आठ मीटरहून लांब असते, म्हणजे आमच्या दोन खोल्या मिळून होतात त्याहून लांब. एवढी लाट ढकलायला मोठं लाकूड आणि मोठी पोकळी लागते. उभ्या डबल बासकडे ती आहे. त्याची तार मीटरभराहून लांब असते. अकूस्टिक बेसची तार ८६ सेंटिमीटरच्या आसपास आणि पोट साध्या गिटारीपेक्षा थोडंसंच मोठं. शिवाय आपला कान खालच्या सुरांना मुळातच मंद. वाद्य ४१चा सूर जेमतेम देतं, त्याच्या दुप्पट-तिप्पट वरचे सूर बरे देतं आणि उरलेलं गणित मेंदू करतो: वरच्या सुरांवरून न वाजलेला खालचा सूर ऐकल्यासारखा वाटतो. वाजवणाऱ्याला हे लवकर कळत नाही, कारण वाद्य त्याच्या छातीला टेकलेलं असतं. त्याला सगळं ऐकू येतं. चार हातांवर बसलेल्याला बोटांची टकटक.

मग टीव्हीवरच्या अनप्लग्डमध्ये बेस इतकी गुबगुबीत कशी वाजते? उत्तर सरळ आहे. ती तारेने जोडलेली असते.

याचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना एका डावखुऱ्याचाच आहे. निर्वाणाचा एमटीव्ही अनप्लग्ड १८ नोव्हेंबर १९९३ला न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाला. कर्ट कोबेनच्या हातात १९५९ची मार्टिन डी-१८ई होती. मूळ उजव्या हाताची, त्याच्यासाठी उलटी करून घेतलेली. त्याला ॲम्पशिवाय वाजवायचं नव्हतं. तेव्हा ॲम्पपुढे एक खोटी पेटी बांधली, म्हणजे बघणाऱ्याला तो जमिनीवरचा मॉनिटर वाटावा. तो कार्यक्रम मी किती वेळा पाहिलाय याला हिशोब नाही, आणि तो मला आजही थोर वाटतो. पण ती पेटी कळल्यापासून मी तो वेगळा पाहतो. ‘अनप्लग्ड’ हे तिथे वादनाचं वर्णन नाही, नेपथ्याचं आहे. फुलं, मेणबत्त्या, स्टुलं आणि लाकडाचा रंग. २०११पासून आपल्याकडे एमटीव्ही अनप्लग्डची भारतीय आवृत्ती आली, तिनेही हेच नेपथ्य उचललं. गाण्याची लय संथ करायची, दिवे पिवळे करायचे, आणि प्रेक्षकाला वाटतं की आपण गायकाच्या खोलीत बसलोय. प्रत्यक्षात त्याच्या आणि आपल्यामध्ये मिक्सर बसलेला असतो.

माझी तक्रार मिक्सरबद्दल नाही. मीही दिवसभर संगणकासमोरच बसतो. तारेशी माझं वैर नाही. तक्रार एवढीच की या नेपथ्याने आम्हाला चुकीचा प्रश्न शिकवला. अनप्लग्ड म्हटलं की आम्ही ‘कोणतं वाद्य?’ असं विचारतो. आधी विचारायला हवं, ‘किती लांबून?’

हे मला मोजून कळलं. एका मित्राने त्याची उजव्या हाताची अकूस्टिक बेस दिली. मी तारा काढून उलट्या क्रमाने लावल्या. उजवं वाद्य डावं करणं म्हणजे आरशात बघणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. मानेच्या टोकाला तारांसाठी खाचा असतात. जाड तार बारीक खाचेत बसत नाही आणि बारीक तार रुंद खाचेत खुळखुळते. पोटावरची पट्टी तिरकी बसवलेली असते, कारण जाड तारेला जरा जास्त लांबी लागते. वाद्य उलटं केलं की जाड तारेलाच ती कमी मिळते आणि वरच्या पडद्यांवर सूर चढा लागतो. मानेच्या कडेचे ठिपके, जे बघून बोट ठेवायचं, ते खाली जमिनीकडे तोंड करून राहतात. उंच सुरांसाठी पोटाला दिलेला काप भलत्या बाजूला येतो. आतल्या आधारपट्ट्याही जाड तारेची बाजू आणि बारीक तारेची बाजू ओळखून लावलेल्या असतात, आणि त्या तर उलटवताच येत नाहीत. वरून दिसणारं सगळं बदललं तरी आत उजवा हात राहतोच. माझ्या व्यवसायात याला आम्ही डिफॉल्ट म्हणतो. मराठीत ‘डावलणं’ म्हणतात, आणि त्या क्रियापदात कुठला हात आहे ते ऐकू येतं.

पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये व्हायोलिनच्या आकाराची होफ्नर बेस घेतली, तेव्हा ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते हाही विचार त्यात होता. डावखुऱ्याच्या हाती ती वेडीवाकडी दिसत नाही. मला हे कारण फार जवळचं वाटतं. लहानपणी प्रसादासाठी पुढे केलेला हात मागे घेऊन दुसरा पुढे करण्यात ज्याचं बालपण गेलं, तो दुकानात आधी वाद्य कसं दिसेल हेच बघतो.

तर, मोजणी. गच्चीवर एका रविवारी संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे कठड्याला पाठ लावून ओळीत बसलो आणि समोर खुर्च्या मांडल्या. पहिल्या ओळीत माझे आजोबा. ते गिरणीत लूम खात्यात होते, १९८२च्या संपापर्यंत. त्या खात्यातल्या आवाजाने कानाची वरची पट्टी जाते. आधी साधारण ४००० कंपनांच्या आसपासचं ऐकू येणं कमी होतं. स, श, त सगळे एक होतात. घरात ते आमचे शब्द ओठांवरून ओळखतात. पण खालची पट्टी बरीच शाबूत आहे. संपाआधी ते भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. बेस आणायचं ठरलं तेव्हा मनात पहिला विचार त्यांचा होता: गाण्यातलं निदान एक वाद्य आजोबांना नीट ऐकू जाईल.

दोन गाणी झाल्यावर ते म्हणाले, “बाळा, तू वाजवतोयस की नुसता धरून बसलायस?”

मी म्हटलं, इथे ॲम्प चालत नाही. ते म्हणाले, “मग तिकडे काय बसलायस? इकडे ये.” आणि त्यांनी सगळ्यांना खुर्च्या सोडून सतरंजीवर गोल बसायला लावलं, भजनाला बसतात तसं. टाळकरी, पेटी, पखवाज आणि ऐकणारे, सगळे एका रिंगणात. माझ्या आणि त्यांच्या गुडघ्यात वीतभर अंतर. त्याच खाचा चुकलेल्या वाद्यावर मी तीच दोन गाणी वाजवली. या वेळी ते मानेने समेवर येत होते. एकदा मी सम चुकवली, ती त्यांना कळली, आणि त्यांनी माझ्याकडे जे बघितलं त्याने मला बरं वाटलं.

मग त्यांनी विचारलं, तार कुठल्या हाताने छेडतोस? मी डावा हात दाखवला. “बरोबर आहे की,” ते म्हणाले. “खर्ज डाव्याच हाताचा.” डग्गा डाव्या हाताने वाजतो, हिंदीत त्याला नावच बायाँ आहे. पखवाजाची कणीक लावलेली बाजूही डावीच. आमच्या संगीतात बेस पहिल्यापासून डावखुरी आहे, हे मला सहा महिने चालवलेल्या कोष्टकात कुठेच सापडलं नव्हतं.

त्यानंतर निवड सोपी झाली. मुळातच डाव्या हातासाठी बांधलेली, कारण उलटवलेली पुरत नाही. पोट खोल, मग दिसायला बेढब असली तरी चालेल. तारा ब्राँझच्या, कारण त्या वरचे सूर भरपूर देतात आणि मेंदूला गणिताला मदत होते. आत पिकअप असला तर असू दे, पण त्याच्या भरवशावर घ्यायची नाही. आणि वाद्याबाहेरचे दोन निर्णय: गिटारवाल्यांनी खालच्या जाड तारा मोकळ्या सोडायच्या, म्हणजे त्या जागेत मला शिरता येईल, आणि बसायचं गोलात.

बेस मागवलीय. डाव्या हाताची असल्याने दुकानात हात लावून बघायला मिळाली नाही. यायला तीन महिने लागतील. कोजागिरीआधी पोहोचली तर ठीक. नाही पोहोचली तर मित्राची उलटी करून वाजवीन, वरच्या पडद्यांवर न जाता. सतरंज्या मात्र आत्ताच सांगून ठेवल्यात. या वर्षी खुर्च्या मांडायच्या नाहीत.