दोन मोटारी, दोन कादंबऱ्या

माझ्या एका कादंबरीत नायकाची जुनी मोटार ऐन घाटात बंद पडते. नायक खाली उतरतो, बॉनेट उघडतो, थोडी खटपट करतो, आणि पुढच्याच परिच्छेदात गाडी सुरू होऊन तो वेळेवर नायिकेच्या गावी पोहोचतो. हे प्रकरण आपल्याला बरे साधले आहे, अशी माझी समजूत होती. पण माझा एक जुना विद्यार्थी, जो आता तालुक्याच्या गावी गॅरेज चालवतो, पुस्तक परत करायला आला आणि म्हणाला, "गुरुजी, बाकी सगळं आवडलं. पण गाडीचं नक्की काय बिघडलं होतं हो?"

मला उत्तर देता आले नाही. ते मलाच ठाऊक नव्हते.

तेव्हापासून हा प्रश्न मी दुसऱ्यांच्या पुस्तकांनाही विचारू लागलो. त्यात दोन अमेरिकन कादंबऱ्या पुन्हा हाती आल्या. पहिली जॉन स्टाइनबेक यांची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' (१९३९) आणि दुसरी स्टीफन किंग यांची 'क्रिस्टीन' (१९८३). पहिलीला पुलित्झर पारितोषिक मिळाले. दुसरी भुताटकीची म्हणून ओळखली जाते. दोघींना एका पंगतीत बसवणे कित्येकांना रुचणार नाही. परंतु दोन्ही पुस्तकांच्या मध्यभागी एक जुनी अमेरिकन मोटार उभी आहे, आणि माणसे ती दुरुस्त करीत आहेत. दुरुस्ती करणाऱ्या हातांकडे पाहूनच या दोन लेखकांची पारख करावी, असे मला वाटते.

स्टाइनबेक यांची कथा ओक्लाहोमातील जोड कुटुंबाची. जमीन गेली, घर गेले. तेव्हा हे कुटुंब पंचाहत्तर डॉलरला एक वापरलेली हडसन सुपर सिक्स विकत घेते आणि कॅलिफोर्नियाची वाट धरते. ही मूळची बंद टपाची, बसायची मोटार. तिचा मागचा भाग कापून तिचा मालट्रक केलेला आहे. आजचा एखादा शौकीन संग्राहक हे पाहून हळहळेल. पण निघण्यापूर्वी घरातली सगळी माणसे विचारविनिमयाला जमतात ती या कापलेल्या गाडीभोवती. घराचा उंबरठा सुटला, त्याची जागा गाडीने घेतली. हे लेखक किती साधेपणाने सांगतो!

आणि मग वाटेत, न्यू मेक्सिकोच्या उजाड मुलखात, सोबतच्या विल्सन दांपत्याची डॉज गाडी कुरकुरू लागते. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला येथे उत्तर आहे: कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले आहे. टॉम आणि त्याचा सोळा वर्षांचा भाऊ अल भंगार गाड्यांच्या आवारात जातात, तशाच एका डॉजचा रॉड सोडवून आणतात आणि रात्री गाडीखाली पडून तो बसवतात. पिस्टन सिलिंडरमध्ये परत घालताना त्याच्या रिंगा बाहेर फाकतात, म्हणून त्यांच्यावर बारीक पितळी तार आवळतात. पाना निसटून टॉमची बोटे सोलवटतात, तेव्हा तो चिखल लावून रक्त थांबवतो. यांत नुसती माहिती असती तर ते मोटारीचे माहितीपुस्तक झाले असते. पण या दुरुस्तीतच अलच्या मनातली भीती उघड होते. गाडी बिघडली याचा दोष आपल्यावर येईल, या विचाराने तो आधीच चिडलेला आहे. आणि टॉम त्याला सांगतो की दोष तुझा नाही. दोन भाऊ एरवी जे बोलले नसते ते त्या गाडीखाली बोलतात.

याच प्रसंगी पुरुष मंडळी ठरवतात की काहींनी पुढे जावे आणि काहींनी मागे राहून गाडी दुरुस्त करावी. तेव्हा आई जॅकचा दांडा उचलते आणि घर फुटू देणार नाही म्हणून सर्वांसमोर उभी राहते. अवजार तेच, एकाच्या हाती ते गाडी उचलते, दुसरीच्या हाती कुटुंब. असा दांडा लेखकाच्या हाती आयता लागत नाही. गाडीच्या पेटीत काय काय असते, हे त्याला ठाऊक असावे लागते.

स्टाइनबेक यांच्यावर एक आक्षेप घेता येतो. कथेच्या मधल्या प्रकरणांत ते उपदेशकाच्या सुरात बोलतात. आणि ज्या यंत्राने घरे पाडली त्या ट्रॅक्टरला ते राक्षस ठरवतात, तर हडसनला घरचे माणूस मानतात. हे परस्परविरुद्ध नाही काय? मला पूर्वी तसे वाटे. आता वाटते की फरक यंत्रात नाही, नात्यात आहे. ट्रॅक्टर चालवणारा बँकेच्या हुकमाने चालवतो. अल मात्र गाडीचा प्रत्येक आवाज कान देऊन ऐकतो.

'क्रिस्टीन'मध्ये चित्र नेमके उलटे आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका गावी, १९७८ साली, मुरुमांनी भरलेल्या चेहऱ्याचा, सर्वांनी हिणवलेला सतरा वर्षांचा आर्नी एक मोडकळीस आलेली १९५८ ची प्लिमथ फ्युरी अडीचशे डॉलरला घेतो. तो तिच्यावर जीव टाकतो. पण त्याचा मित्र डेनिस एक गोष्ट टिपतो, आणि किंग यांची खरी प्रतिभा मला तेथे दिसते: या दुरुस्तीला क्रमच नाही. कोणताही कारागीर जे आधी करील ते मागे राहते आणि भलतेच काही नवे होते. पुढे कळते की मैल मोजणारे मीटर उलटे फिरते आहे, आणि मैल कमी होतील तशी गाडी आपोआप नवी होते आहे. गाडी नवी होते आणि आर्नी मात्र जुना होत जातो. मेलेल्या मालकासारखा पाठीला पट्टा बांधतो, त्याच्यासारखाच बोलू लागतो. मित्र दुरावतो, प्रेयसी दुरावते, आईबाप परके होतात.

किंग यांची एक चूक जाणकारांनी पुष्कळदा दाखवली आहे. त्यांनी या गाडीला चार दारे दिली; १९५८ ची फ्युरी दोनच दारांची होती. माझ्या विद्यार्थ्यासमोर ही चूक मी झाकणार नाही. तथापि दारांची संख्या चुकूनही दुरुस्तीचा क्रम चुकल्याचे भय ज्याला कळले, त्या लेखकाला कारखान्याचा तपशील नसला तरी हातांचा धर्म ठाऊक होता, असे मी म्हणेन.

याच कादंबरीवर जॉन कार्पेंटर यांनी १९८३ मध्येच चित्रपट काढला. त्यात चेपलेली गाडी आपले अंग फुगवून पुन्हा सरळ होते. हे दृश्य घेताना गाडीच्या आत हायड्रॉलिक पंप लावून तिचे अंग आत ओढले आणि ते चित्रण उलटे दाखवले. म्हणजे पडद्यावर जी दुरुस्ती दिसते ती खरोखर मोडतोडच आहे. कादंबरीचे सार याहून नेमके कोणी सांगितले नसेल. श्रमांवाचून होणारी दुरुस्ती ही उलटी दाखवलेली मोडतोड असते.

म्हणून मी स्टाइनबेक यांना वरचे स्थान देतो. किंग यांनी हव्यास दाखवला आणि तो थरारक दाखवला. पण त्या गाडीसमोर माणसे एकेक करून लहान होत जातात. हडसनला काळाच्या मागे जायचे नाही, तिला पुढच्या गावी जायचे आहे. एवढ्या कष्टाने दुरुस्त झालेली ती डॉजदेखील विल्सन दांपत्याला कॅलिफोर्नियाच्या वेशीपर्यंतच नेते. बाई आजारी पडतात आणि ते तेथेच मागे राहतात. तरी ती रात्र वाया गेली असे वाचकाला क्षणभरही वाटत नाही.

हे सारे त्या विद्यार्थ्याला सांगावे म्हणून मी त्याच्या गॅरेजात गेलो. योगायोग असा की तेथे एक जुनी प्लिमथच उभी होती. वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात स्वातंत्र्यानंतर डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या जोडल्या जात, ही त्यांतलीच. मधल्या काळात कोणीतरी तिच्यात डिझेल इंजिन बसवले होते. हल्लीच्या मालकाला मात्र सगळे मूळचे हवे होते: पेट्रोल इंजिन, सहा व्होल्टची वायरिंग, सारे काही.

"मग ते डिझेल इंजिन म्हणजे गाडीचा अपमानच की," मी म्हणालो.

तो हसला. "अपमान कसला, गुरुजी? त्या इंजिनामुळे ती भाड्यानं धावली, म्हणून जगली. नाहीतर कधीच भंगारात गेली असती. मालक म्हणतात तसं मूळचं करून देईन मी. पण ते इंजिन फेकणार नाही."

दोन कादंबऱ्या वाचून मी जे शिकलो ते हा मुलगा हात पुसता पुसता बोलून गेला. मग मी माझ्या घाटाचा विषय काढला. त्याने क्षणभर विचार केला. "जुनी पेट्रोल गाडी, चढ, दुपारचं ऊन. पेट्रोलच्या नळीत वाफ धरली असेल. पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि गप्प बसायचं. अर्धा तास तरी."

कादंबरीची नवी आवृत्ती निघायची आहे. तो घाट मी पुन्हा लिहायला घेतला आहे. आता नायक पाण्यासाठी खाली ओढ्यावर जातो, फडके भिजवून आणतो आणि दगडावर बसून राहतो. नायिकेच्या गावी तो वेळेवर पोहोचत नाही. तिला काय सांगायचे याचा विचार करायला त्याला प्रथमच अर्धा तास मिळाला आहे, आणि मलाही.