पाठदुखी आणि मनाचा अपराध

दुखणें खरें असून त्याचें कारण तपासणींत दिसत नाहीं, असें झालें म्हणजे रोग्यास दुखण्याबरोबर लोकांचा अविश्वासही सोसावा लागतो. अशा अनेकांस न्यूयॉर्कचे डॉ. जॉन सार्नो यांचें ‘हीलिंग बॅक पेन’ (१९९१) हें पुस्तक आधार वाटत आलें आहे. तो आधार कितपत भक्कम आहे, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ग्रंथकाराचें म्हणणें थोडक्यांत असें: जुनाट पाठदुखी बहुधा मणक्यांतील बिघाडानें होत नाहीं. दडपलेला क्रोध जाणिवेंत येऊं नये म्हणून मेंदू स्नायूंचा रक्तपुरवठा किंचित् कमी करतो, आणि प्राणवायूच्या त्या उणिवेनें पाठ दुखते. दुखणें काल्पनिक नव्हे, हें ते वारंवार बजावतात. गंभीर रोग नाहीं याची आधीं खात्री करून घ्यावयासही सांगतात. मणक्याच्या चित्रावर भिस्त ठेवूं नये, हा त्यांचा इशारा तर पुढें खरा ठरला. पाठ न दुखणाऱ्या ९८ माणसांची एम. आर. आय. तपासणी १९९४ सालीं प्रसिद्ध झाली, तींत शेंकडा ६४ जणांच्या चकत्यांत कांहीं ना कांहीं दोष आढळला!

परंतु एका कारणाचा आग्रह मोडून ग्रंथकार दुसऱ्याचा धरतात. प्राणवायूच्या उणिवेचा निर्णायक पुरावा ते देत नाहींत. बरे झालेल्यांची गणती त्यांच्याच रोग्यांची, तुलनेस दुसरा गट नाहीं. शिवाय विश्वास हाच उपचार म्हटल्यावर, जो बरा होत नाहीं त्याचा विश्वासच अपुरा ठरतो. पूर्वीं मणका आरोपी होता, आतां रोगी झाला, एवढाच फरक!

२०२२ सालीं कोलोरॅडोंतील एक प्रयोग छापून आला. जुनाट पाठदुखीच्या १५१ रोग्यांपैकीं ज्यांस ‘ही वेदना धोक्याची खूण नव्हे’ असें पटवून भीति घालविण्याचे उपचार दिले, त्यांतील शेंकडा ६६ जण जवळजवळ वेदनामुक्त झाले. नेहमींच्या उपचारांवर राहिलेल्यांत हें प्रमाण १० होतें. सार्नो यांच्या अनुयायांस हें आपल्या मताचें मंडन वाटेल. पण गुण आल्यानें निदान सिद्ध होत नाहीं. भीति गेल्यानें वेदना शमली, म्हणून ती क्रोधानें उपजली होती असें कसें म्हणावें?

मेल्झॅक व वॉल यांनीं १९६५ सालींच दाखविलें कीं, वेदनेचे संदेश मज्जारज्जूंत अडविले वा सोडले जातात, आणि त्यांत मेंदूचाही हात असतो. मग ‘मनाचें कीं शरीराचें’ हा वादच फोल नव्हे काय? पुस्तक वाचावें, भीति टाकावी. पण घरांत पाठ धरून बसलेल्या माणसास त्याच्या आधारें दोष मात्र देऊं नये.