पश्चिमेची भिंत

कार्ल्याचे चैत्यगृह पश्चिमाभिमुख आहे. मावळात हीच बाजू सर्वांत अवघड. उन्हाळ्यात दुपारनंतरचे तिरपे ऊन तिकडून येते, पावसाळ्यात झडही. कारागिरांनी पुढे दगडी पडदा ठेवला, मागे ओसरी, मग नालाकृती गवाक्ष. उजेड आत येतो तो गाळून. हेतू अर्थात वीज वाचवण्याचा नव्हता, पण मुंबई-पुणे पट्ट्यातील नव्या कार्यालयांची पारख मी याच भिंतीवरून करतो. हरित मानांकनाची पाटी नंतर पाहतो.

कारण साध्या भूमितीत आहे. लोणावळा सुमारे पावणेएकोणीस उत्तर अक्षांशावर आहे. तिथे दक्षिणेच्या दीड मीटर उंच खिडकीला विषुवदिनी माध्यान्ही अर्ध्या मीटरचा सज्जा पुरतो. तेवढ्याच खिडकीसमोर पश्चिमेला सूर्य 30 अंशांवर उतरला, की अडीच मीटरांचा सज्जाही अपुरा! तिथे उभे पडदे, जाळी किंवा सरळ भिंतच हवी. प्रत्यक्षात मात्र चारही बाजूंना एकच काच चढते, आणि आतले लोक दिवसा पडदे ओढून दिवे लावतात.

2017 च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत काचेला 40 टक्क्यांची मर्यादा आहे. पण ती ठरावीक निकषांच्या मार्गापुरती. संपूर्ण इमारतीचा संगणकीय हिशेब मांडणाऱ्याला काच वाढवून ती तूट चांगल्या वातानुकूलन यंत्रांनी भरून काढता येते. मला ही पळवाट वाटते: यंत्र पंधरा-वीस वर्षांत बदलते, भिंत तशीच राहते.

आणि वीज कुठून येते, हे मावळाने तरी विसरू नये. वळवण, शिरवता, लोणावळा इथले पावसाचे पाणी 1915 पासून खोपोलीला वीज होऊन मुंबईकडे जाते; मुळशीच्या शेतकऱ्यांनी 1921 मध्ये धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तो याच विजेच्या भुकेपायी.

हडपसरच्या सुझलॉन संकुलात ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी काचेबाहेर अ‍ॅल्युमिनियमच्या झडपांचे आवरण दिले, ते मला पटते. मात्र दहा एकरांवर पसरलेली बुटकी इमारत प्रत्येकाला परवडणारी नाही. अरुंद भूखंडावर स्वस्त उपाय आराखड्यातच असतो. जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहे, कागदपत्रांच्या खोल्या पश्चिमेला ढकलायच्या आणि माणसे उत्तरेच्या उजेडाला बसवायची. त्यासाठी सल्लागार लागत नाही. दर्शनी बाजू काचेचीच हवी हा मालकाचा हट्ट तेवढा मोडावा लागतो.