घड्याळाला किल्ली देणारी पेटी

आमच्या एका स्नेह्यांना त्यांच्या मुलाने परदेशातून एक पेटी पाठवली. बाहेरून काळे लाकूड, आरशासारखी झिलई, पुढे काचेचे दार, आत मखमली उशी. उशीवर ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ चढवायचे आणि बटण दाबायचे, की उशी घड्याळासह संथपणे फिरू लागते. घड्याळ हातात नसले तरी बंद पडत नाही. "वस्तू कशी आहे?" असे स्नेह्यांनी विचारले, तेव्हा आम्ही झिलईचे कौतुक केले आणि स्क्रू-ड्रायव्हर मागितला.

एचएमटीचे 'कांचन' ज्यांनी वापरले असेल त्यांना ऑटोमॅटिक घड्याळाचे मर्म सांगायला नको. घड्याळ कानाशी नेऊन हलवले की आत काहीतरी गरगरते. हा रोटर, म्हणजे मध्यावर टांगलेले अर्धचंद्राकृती वजन. मनगट हलले की तो फिरतो आणि दंतचक्रांच्या मार्फत स्प्रिंगला किल्ली देतो. जॉन हारवूड या आइल ऑफ मॅन बेटावरच्या कारागिराला १९२४ साली अशा मनगटी घड्याळाचे स्विस पेटंट मिळाले. त्याचे वजन मात्र पुरता वळसा घेत नसे, दोन्ही टोकांना अडून परतत असे. पूर्ण फेरी घेणारा रोटर रोलेक्सने १९३१ मध्ये आणला.

पेटीत हीच गोष्ट उलट घडते. रोटर गुरुत्वाने खाली लोंबत राहतो आणि त्याच्याभोवती घड्याळच फिरते. म्हणून उशीचा कल महत्त्वाचा. घड्याळ सपाट ठेवून फिरवले, तर रोटरला खाली ओढणारे काही उरत नाही. तो घड्याळाबरोबर मुकाट फिरतो आणि किल्ली बसत नाही. तबकडी ३० अंशांनी कललेली असेल तर तिच्या पातळीतला गुरुत्वाचा भाग निम्मा होतो, उभी असेल तर पूर्ण मिळतो. शोभेसाठी उशी जवळजवळ आडवी ठेवणारा कारागीर इथेच नापास झाला. आमच्या पेटीतली उशी बऱ्यापैकी उभी होती, तेवढे गुण आम्ही दिले.

आता फेऱ्या. वेष्टनावर 'दिवसाला ६५०' असे छापले होते. आकडा वाजवी आहे, कारण पुष्कळशा घड्याळांना दिवसाला ६५० ते ८०० फेऱ्या पुरतात. आम्ही उशीवर खडूची खूण केली आणि घड्याळ लावून बसलो. मिनिटाला १० फेऱ्या. २ मिनिटे फिरणे, ६ मिनिटे विश्रांती. असे १२ तास, मग १२ तास पूर्ण बंद. बारा तासांचा चौथा हिस्सा म्हणजे ३ तास, म्हणजे १८० मिनिटे, म्हणजे १८०० फेऱ्या. छापील आकड्याच्या पावणेतीन पट! आठवीच्या विद्यार्थ्यालाही हा हिशेब करता येईल, पण विकणाऱ्याने तो केला नव्हता किंवा करून गप्प राहिला होता. खरे तर ६५० फेऱ्यांना या गतीने दिवसातली ६५ मिनिटे पुरतात. उरलेला सगळा वेळ पेटीने स्वस्थ बसायला हवे.

दिशेचाही प्रश्न आहे. एटा कंपनीच्या २८२४-२ यंत्राला दोन्ही दिशांनी किल्ली बसते, व्हॅलजू ७७५० ला एकाच दिशेने. स्नेह्यांच्या घड्याळात नेमके ७७५० होते आणि पेटी आळीपाळीने उलटसुलट फिरणारी. म्हणजे १८०० पैकी ९०० फेऱ्या कामाच्या, उरलेल्या ९०० मध्ये रोटर नुसताच मोकळा गरगरणार.

"जास्त किल्ली बसून स्प्रिंग तुटेल का?" ही स्नेह्यांची भीती अनाठायी होती. ऑटोमॅटिक घड्याळात स्प्रिंगचे बाहेरचे टोक डबीच्या भिंतीला जखडलेले नसते, दाबाने टेकलेले असते. स्प्रिंग पूर्ण आवळली की ते घसरते. या युक्तीचे पेटंट आद्रियाँ फिलिप यांनी १८६३ सालीच घेतले होते. पण तुटत नाही म्हणून झिजतही नाही असे नव्हे. ती घसरण आणि रोटरपासून डबीपर्यंतची चक्रे रोज निष्कारण राबतात.

मागचा पत्रा काढल्यावर खरी कारागिरी दिसली, किंवा दिसली नाही. लहान मोटर, त्यावर प्लॅस्टिकची दंतचक्रे, दात्यांत हाताला जाणवेल इतकी ढिलाई. ही पेटी फेरीगणिक 'टक' असा आवाज करी, त्याचे कारण इथे होते. पोलादी पट्ट्याचे १५० ग्रॅमचे घड्याळ उशीवर असते आणि त्याचा गुरुत्वमध्य आसावर नसतो, समजा २ सें.मी. बाजूला असतो. चढताना मोटर वजनाला ओढते. माथा ओलांडला की वजनच मोटरला ढकलू लागते. त्या क्षणी दात्यांचा टेका एका बाजूवरून दुसरीवर जातो आणि मधली ढिलाई वाजते. मोटर जपानी आहे की आणखी कुठली, याची जाहिरातींत मोठी बडेजाव असते, पण हा आवाज मोटरचा नव्हेच. चांगला कारागीर दात्यांतली ढिलाई कमी करतो, किंवा रबरी पट्टा वापरतो. पट्टा शांत चालतो, मात्र काही वर्षांनी रबर कडक होते आणि घसरू लागते. आमच्या मते दात घट्ट बसवणे हाच सरळ उपाय. तो महाग पडतो आणि काचेतून दिसत नाही, हीच त्याची अडचण.

मोटरमध्ये चुंबक असतो, म्हणून आम्ही प्रयोगशाळेतली चुंबकसूची उशीपाशी नेली. ती वळली, पण फार नाही. मोटर मागच्या कोपऱ्यात होती आणि अंतराबरोबर हा परिणाम झपाट्याने घटतो. चुंबकरोधक घड्याळांच्या आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा ४८०० अँपिअर प्रति मीटर आहे. सूची हलवणारे पृथ्वीचे क्षेत्र त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असते. तेव्हा सूची वळली म्हणून घाबरू नये; ती मोटरकडे ताडकन खेचली गेली, तर मात्र उशी आणि मोटर यांतले अंतर पाहावे.

मोठ्या नावांच्या पेट्यांची किंमत लाखांत जाते. जर्मनीतल्या हानाऊ येथे १८३४ साली सुरू झालेली वुल्फ कंपनी आपले यंत्र प्रत्यक्ष फेऱ्या मोजते असे सांगते. पैसे मोजायचे तर अशा गुणासाठी मोजावेत, असे आम्हाला वाटते. पण किमतीतला मोठा वाटा लाकूड, कातडे आणि झिलई यांचाच असतो. ते सुतारकाम उत्तम असते, आमचा त्याला विरोध नाही. फक्त त्याला यंत्राची गुणवत्ता म्हणू नये.

मुळात पेटी हवीच कुणाला? घड्याळ पडून राहिले की तेल घट्ट होते, हे जुन्या तेलांबाबत खरे होते; आजची कृत्रिम तेले तशी नाहीत. तारीख-वार दाखवणारे साधे घड्याळ बंद पडले तर दोन मिनिटांत पुन्हा लावता येते. पेटीची खरी गरज शाश्वत दिनदर्शिकेच्या घड्याळाला. कुर्ट क्लाउस यांनी आयडब्ल्यूसीसाठी रचलेल्या १९८५ च्या 'दा विंची'त तारीख, वार, महिना आणि वर्ष एकाच किल्लीने, एकेक दिवस पुढे सरकतात. मागे येत नाहीत. असे घड्याळ चार महिने बंद राहिले तर शंभराहून अधिक दिवस एकेक करून पुढे ढकलावे लागतात, आणि चुकून जास्त पुढे गेले तर खरी तारीख तिथे पोचेपर्यंत घड्याळ बंद ठेवून वाट पाहावी लागते. त्याच्या मालकाला आम्ही पेटी घेऊ नका असे म्हणणार नाही.

स्नेह्यांचे घड्याळ तसे नव्हते. आम्ही त्यांना एक टायमर आणून दिला. पेटीच्या कामाच्या १२ तासांत तो तिला दिवसाआड वीज देतो, म्हणजे सरासरी दिवसाला ९०० फेऱ्या, त्यांतल्या ४५० कामाच्या. हे थोडे कमीच पडेल असा आमचा अंदाज होता, पण ते घड्याळ आठवड्यातून तीन दिवस हातात घालतात, आणि अजून तरी ते थांबलेले नाही. 'टक' आवाज आहेच. पेटी आता झोपायच्या खोलीतून दिवाणखान्यात गेली आहे.